मीठ, उसनवारी आणि मॅक्स बॉर्न

गेल्या वर्षीची गोष्ट. बी. एस्सी.च्या पहिल्या वर्गावर मी आयनिक बंध शिकवीत होतो. नेहमीप्रमाणे फळ्यावर एका बाजूला सोडियम काढला, दुसऱ्या बाजूला क्लोरीन. सोडियमच्या बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन, क्लोरीनच्या कक्षेत सात. सोडियम आपला इलेक्ट्रॉन आनंदाने देतो, क्लोरीन तितक्याच आनंदाने घेतो, दोघांची अष्टके पूर्ण होतात आणि मीठ तयार होते. गेली बावीस वर्षे हे वाक्य मी याच सुरात म्हणत आलो आहे. ते मला माझ्या प्राध्यापकांनी शिकवले आणि त्यांना त्यांच्या.

तास संपायला पाचसात मिनिटे असताना मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. एरवी ती फारशी बोलत नाही. पुस्तकाच्या शेवटी दिलेला तक्ता तिने उघडून ठेवला होता. सोडियमच्या अणूतून इलेक्ट्रॉन काढायला, म्हणजे त्याची आयनीभवन ऊर्जा म्हणून, मोलमागे ४९६ किलोज्यूल लागतात असे तिथे छापले होते. क्लोरीनने तो इलेक्ट्रॉन घेतला की परत मिळतात ३४९. मग उरलेले १४७ कोण भरतो, असे तिने विचारले. आणि ४९६ मोजून घेतल्याशिवाय जो इलेक्ट्रॉन सोडत नाही, त्याने तो आनंदाने दिला असे आपण का म्हणतो, हा तिचा दुसरा प्रश्न.

घंटा झाली म्हणून मी वाचलो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक होते. ते याच पुस्तकात तीन प्रकरणे पुढे, बॉर्न-हाबर चक्र या नावाखाली येते आणि परीक्षेत हमखास विचारले जाते. दुसऱ्याला मात्र माझ्याजवळ उत्तर नव्हते. सोडियमचा आनंद ही आमची थाप होती. त्या रात्री घरी येऊन मी जुन्या वह्या काढल्या आणि ज्याच्या नावाचे चक्र आपण इतकी वर्षे फळ्यावर फिरवले तो बॉर्न कोण होता, याचाही शोध घ्यायला लागलो. त्या शोधातून हा लेख झाला.

मॅक्स बॉर्नचा जन्म ११ डिसेंबर १८८२ रोजी ब्रेस्लाव शहरात झाला. ते शहर तेव्हा जर्मनीत होते. आज ते पोलंडात आहे आणि त्याचे नाव व्रोत्स्वाफ आहे. (सरहद्दीवरच्या गावांचे असे होते, हे आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको.) वडील गुस्टाव्ह बॉर्न तिथल्या विद्यापीठात शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक होते आणि गर्भविज्ञानात त्यांचे नाव होते. आई कापड गिरण्यांच्या मालकांच्या श्रीमंत ज्यू घराण्यातली. मॅक्स चार वर्षांचा असताना ती वारली. वडील गेले तेव्हा तो अजून अठराही पूर्ण झाला नव्हता. प्रकृती नाजूक, दम्याचा विकार जन्मभर पाठीशी. शाळेत तो हुशारीसाठी प्रसिद्ध होता असे कुठेही नोंदलेले नाही.

याच ब्रेस्लावमध्ये, याच डिसेंबर महिन्यात, पण १४ वर्षे आधी, आणखी एक ज्यू मुलगा जन्मला होता. त्याचे नाव फ्रिट्झ हाबर. आपल्या पुस्तकांतल्या त्या जोडनावाचे दोन्ही भाग असे एकाच गावचे आहेत. मात्र ते एकमेकांना जोडले जाण्यास बराच काळ जावा लागला आणि मधे एक महायुद्ध यावे लागले.

बॉर्न शिकला ब्रेस्लाव, हायडेलबर्ग, झुरिच अशा ठिकाणी आणि शेवटी गॉटिंगेनला पोचला. गॉटिंगेन ही तेव्हा गणिताची काशी होती. क्लाईन, हिल्बर्ट आणि मिन्कोव्स्की हे तिघे एकाच वेळी तिथे शिकवीत. हिल्बर्टने त्याला आपल्या व्याख्यानांची टिपणे उतरवून काढायला ठेवून घेतले. पगार काही नाही, पण रोज हिल्बर्टच्या घरी जाणे-येणे. क्लाईनशी मात्र त्याचे बिनसले. बॉर्नने एका चर्चावर्गात वाकलेल्या पोलादी पट्टीच्या स्थैर्याचा प्रश्न चांगला मांडला, तेव्हा क्लाईनने त्याच विषयावर विद्यापीठाच्या पारितोषिकासाठी प्रबंध लिहायला सांगितले आणि या पोराने आधी नकार दिला. गुरुजींचा राग झाला. मग त्याने निमूटपणे प्रबंध लिहिला, पारितोषिक मिळवले आणि १९०६ मध्ये डॉक्टरेटही घेतली. तोंडी परीक्षेत क्लाईनचा भूमितीचा विषय टाळून त्याने खगोलशास्त्र निवडले. हे वाचून मला बरे वाटले. मोठी माणसेही परीक्षक टाळतात.

पुढे तो थोडे दिवस केंब्रिजला गेला. १९०८ च्या अखेरीस मिन्कोव्स्कीने त्याला सापेक्षतेच्या कामासाठी गॉटिंगेनला बोलावून घेतले आणि काही आठवड्यांतच, १९०९ च्या जानेवारीत, मिन्कोव्स्की आंत्रपुच्छाच्या दुखण्याने वारला. आपल्याकडे अशा वेळी पोरगा पुन्हा पोरका झाला असे म्हणतात. बॉर्न तिथेच टिकून राहिला. १९१२ मध्ये त्याने थिओडोर फॉन कारमान याच्याबरोबर एक निबंध लिहिला. स्फटिक म्हणजे ओळीने मांडलेल्या अणूंचा सांगाडा, आणि त्या अणूंची थरथर म्हणजेच उष्णता, असे धरून स्फटिकाची विशिष्ट उष्णता काढायची, हा त्याचा विषय. त्याच सुमारास डिबायने तोच प्रश्न अधिक सोप्या वाटेने सोडवला आणि वाहवा त्याच्या वाट्याला गेली. पण स्फटिकांच्या जालकाचे वेड बॉर्नच्या डोक्यात बसले ते बसलेच. १९१५ मध्ये त्यावर त्याचे पहिले पुस्तक निघाले. मधल्या काळात, १९१३ साली, हेडविग एरेनबर्ग हिच्याशी त्याचा विवाह झाला होता. घरात सगळे तिला हेडी म्हणत.

त्याच १९१५ साली तो बर्लिनला आला. प्लांकच्या अध्यापनाचा भार हलका करायला त्याची नेमणूक झाली होती. आइन्स्टाइन जवळच राहत असे. तो व्हायोलिन घेऊन यायचा, बॉर्न पियानोवर बसायचा आणि दोघे तासन्‌तास वाजवीत. महायुद्ध चालू झाले होते. याच वेळी हाबर त्याच्या आयुष्यात आला.

हाबर तेव्हा बर्लिनजवळच्या डालेम येथे भौतिकी रसायनाच्या संस्थेचा प्रमुख होता. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवण्याची त्याची पद्धत आज निम्म्या जगाच्या शेतांना खत पुरवते, आणि आपल्या उसाच्या पट्ट्यात ज्याला युरिया म्हणतात त्याचेही मूळ तिथेच आहे. पण १९१५ मध्ये तो वेगळ्याच कामात होता. २२ एप्रिल १९१५ च्या संध्याकाळी बेल्जियममधल्या ईप्र गावाजवळ जर्मन खंदकांतून हजारो नळकांडी उघडली गेली आणि दीडशे टनांहून अधिक क्लोरीन वाऱ्याबरोबर फ्रेंच खंदकांवर सोडण्यात आला. त्याची सगळी आखणी हाबरची. आपण चक्राच्या डाव्या बाजूला अर्धा रेणू म्हणून लिहितो तोच हा क्लोरीन. दहाबारा दिवसांनी, २ मे रोजी, हाबरची पत्नी क्लारा हिने घराच्या बागेत पिस्तुलाने जीव दिला. तीही मूळची ब्रेस्लावचीच आणि रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेली होती. तिच्या मनात काय होते याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मी त्यात भर घालणार नाही.

हाबरच्या वायुपथकात पुढे मोठी होणारी पुष्कळ माणसे होती. ओटो हान, जेम्स फ्रांक, गुस्टाव्ह हर्ट्झ या सर्वांना पुढे नोबेल पारितोषिके मिळाली. बॉर्नलाही बोलावणे होते आणि त्याने नकार दिला. त्याला उगाच संत बनवायचे कारण नाही. त्याने सैन्याचे काम केलेच. आधी बिनतारी यंत्रणेत, मग तोफखान्याच्या तपासणी मंडळात. शत्रूच्या तोफेचा आवाज वेगवेगळ्या ठाण्यांवर किती सेकंदांच्या अंतराने पोचतो यावरून तोफेची जागा काढणे हे तिथले काम. म्हणजे त्याच्या गणितानेही माणसे मेली असणार. तरी विषारी वायू ही त्याच्या मनातली रेषा होती आणि ती त्याने ओलांडली नाही. पुढे कित्येक वर्षे हाबरशी संबंध ठेवायलाही तो तयार नव्हता.

त्या तोफखान्याच्या कचेरीत त्याने आल्फ्रेड लांडे याला आणि एर्विन माडेलुंगला ओढून आणले होते. युद्धाचे काम संपले की हे लोक कचेरीतच स्फटिकांची गणिते करीत. १९१८ पर्यंत बॉर्न आणि लांडे यांच्या हाती एक गोष्ट लागली. बोरच्या अणूत इलेक्ट्रॉन सपाट कक्षांत फिरतात असे मानले, तर मिठाचा स्फटिक प्रत्यक्षापेक्षा दुपटीने मऊ निघत होता. तेव्हा अणू सपाट नसावेत, ते तिन्ही दिशांना भरलेले असावेत, असे त्यांनी अनुमान काढले. मिठाचा खडा दाबला तर तो किती दबतो एवढ्यावरून अणूच्या आकाराविषयी बोलायचे, ही मजल काही लहान नव्हती.

आता त्या मुलीच्या १४७ कडे वळू. विद्यार्थ्यांनी पेन्सिल हातात घ्यावी.

घन सोडियमची वाफ करायला मोलमागे १०७ किलोज्यूल खर्च. क्लोरीनचा रेणू तोडून एक मोल अणू सुटे करायला १२१. सोडियमचा इलेक्ट्रॉन काढायला ४९६. खर्चाची बेरीज ७२४. जमेच्या बाजूला क्लोरीनने इलेक्ट्रॉन घेतल्याचे ३४९. म्हणजे तूट १४७ ची नसून ३७५ ची आहे. एवढे पैसे घातल्यावर आपल्या हाती आले काय, तर सोडियमचे धन आयन आणि क्लोरीनचे ऋण आयन, वायुरूपात, एकमेकांपासून दूर. आता प्रयोगशाळेत पाहा. सोडियम क्लोरीनमध्ये पेटवला की तो पिवळ्याधमक ज्वाळेने जळतो आणि मोलमागे ४११ किलोज्यूल बाहेर टाकतो. तूट ३७५ आणि वर शिल्लक ४११, म्हणजे कुठून तरी ७८६ किलोज्यूल आलेच पाहिजेत. ते येतात सुटे आयन एकत्र येऊन त्यांचा स्फटिक बनताना. तीच जालक ऊर्जा. सोडियमने दान केले नाही आणि क्लोरीनने भीकही घेतली नाही. दोघांनी मिळून स्फटिकाच्या भरवशावर उसनवारी केली. पीक हाती येईल या भरवशावर शेतकरी बियाणे उधार आणतो, तसे.

मात्र खरा सोडियम या पायऱ्या एकेक करून चढत नाही. आधी वाफ, मग आयन, मग स्फटिक असे भांड्यात घडत नाही. सुरुवात आणि शेवट ठरलेले असले की वाट कोणतीही घ्या, ऊर्जेचा हिशेब तोच येतो, हा १८४० सालचा हेसचा नियम आहे. त्याच्या जोरावर आपण सोयीची, कल्पनेतली वाट धरतो. दोन सुट्या अणूंपुरते पाहिले तर १४७ ची तूट भरून काढायला त्यांनी ९.४ आँगस्ट्रॉमपर्यंत जवळ यावे लागते. स्फटिकात ते २.८२ वर असतात. तेव्हा नुकसानीचा प्रश्नच उरत नाही.

पण ७८६ हा आकडा असा उलट्या वजाबाकीने काढला तर त्यात सिद्ध काय झाले? बॉर्नचे मोठेपण इथे आहे. त्याने हाच आकडा उष्णतेचे एकही मोजमाप न घेता, सरळ विद्युत् आकर्षणाच्या नियमाने काढला. २.८२ आँगस्ट्रॉमवरच्या एका जोडीचे आकर्षण मोलमागे सुमारे ४९३ किलोज्यूल. स्फटिकात प्रत्येक आयनाला सहा जवळचे विरुद्ध शेजारी, मग बारा सजातीय, मग आठ विरुद्ध, असे अनंतापर्यंत. त्या सगळ्यांची बेरीज माडेलुंगने करून ठेवली होती, ती १.७४७६ पट येते. झाले ८६१. आयन फार जवळ आले की एकमेकांना दूर ढकलतात. मिठाच्या दबण्यावरून काढलेला तो घातांक ९ धरला तर नववा हिस्सा वजा करायचा. उरले ७६५. एकीकडे ७८६, दुसरीकडे ७६५. फरक शेकडा तीनपेक्षाही कमी. मिठाच्या खड्यात खरोखरच भारित आयन आहेत आणि त्यांना साधे विद्युत् आकर्षण बांधून ठेवते, याची याहून भक्कम साक्ष १९१९ साली दुसरी नव्हती.

त्या काळी क्लोरीनची इलेक्ट्रॉन आसक्ती थेट मोजता येत नव्हती. आयनीभवन ऊर्जा मात्र वर्णपटावरून मिळत होती. सोडियमची प्रमुख वर्णरेषामाला २४१२ आँगस्ट्रॉमपाशी संपते, त्यावरून ५.१४ इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजेच आपले ४९६. तेव्हा चक्र उलटे फिरवून न मोजता येणारी आसक्तीच काढता आली. जाता जाता एक गमतीची गोष्ट. बॉर्नचा जिवलग मित्र जेम्स फ्रांक याने हर्ट्झबरोबर १९१४ मध्ये पाऱ्याच्या वाफेत इलेक्ट्रॉन सोडून ४.९ व्होल्टचा आकडा काढला आणि ती पाऱ्याची आयनीभवन ऊर्जा समजली. ती होती नुसती उत्तेजनाची ऊर्जा. आयनीभवनाला १०.४ लागतात. चूक उमगल्यावर तोच प्रयोग बोरच्या सिद्धांताचा पुरावा ठरला आणि दोघांना १९२५ चे नोबेल मिळाले. आमच्या प्रात्यक्षिकाच्या वह्यांतल्या चुकांचे असे सोने कधी होत नाही.

या फ्रांकनेच १९१९ मध्ये बॉर्न आणि हाबर यांची गाठ घालून दिली. युद्ध संपले होते. फ्रांक हाबरच्या संस्थेत होता आणि बॉर्नच्या जालक ऊर्जेची हकीकत हाबरच्या कानावर गेली होती. बॉर्न नाइलाजानेच गेला. हाबरला त्या कल्पनेचे रासायनिक मोल तात्काळ कळले. ज्या चौकोनी आकृतीने आपण हा हिशेब मांडतो ती आकृती हाबरची. तूट आणि जमा एका दृष्टिक्षेपात दिसावी अशी त्याने ती रचली. त्याच वर्षी जर्मन भौतिकी परिषदेच्या नियतकालिकात बॉर्नचा, हाबरचा आणि स्वतंत्रपणे काझिमिर फायान्सचाही निबंध आला. फायान्सचे नाव मात्र चक्राच्या शीर्षकातून गळाले. त्याच नोव्हेंबरात हाबरला अमोनियासाठी १९१८ चे नोबेल जाहीर झाले आणि पुष्कळांनी त्याला विरोध केला. बॉर्नने त्याचे पूर्वीचे काम विसरले असे नाही. पण समोरच्या माणसाची बुद्धी आणि आपल्या कामाविषयीची त्याची ओढ नाकारणे त्याला जमले नाही. मला विचाराल तर त्याने गाठ घेतली हे बरे केले, आणि आधी नाकारले तेही बरेच केले.

पुढच्या पंधरा वर्षांवर ग्रंथ लिहिले गेले आहेत, म्हणून मी थोडक्यात आटोपतो. १९१९ मध्ये तो फ्रांकफुर्टला गेला. तिथे त्याच्या विभागात ओटो स्टर्न होता. त्याच्या चांदीच्या अणूंच्या प्रयोगाला पैसे नव्हते, म्हणून बॉर्नने सापेक्षतेवर तिकीट लावून व्याख्याने दिली. १९२१ मध्ये गॉटिंगेन. हाइसेनबर्गने १९२५ च्या उन्हाळ्यात दिलेल्या चमत्कारिक गुणाकारात मॅट्रिक्स लपले आहेत हे ओळखले ते बॉर्नने, आणि योर्डानच्या मदतीने त्याचा पाया घातला. १९२६ मध्ये त्याने सांगितले की श्रोडिंगरचे तरंगफलन इलेक्ट्रॉन कुठे आहे हे सांगत नाही, तो कुठे सापडण्याचा संभव किती ते सांगते. आणि संभव त्या फलनाच्या वर्गाएवढा असतो ही दुरुस्ती त्याने मुद्रितांवर तळटीप म्हणून घातली. आइन्स्टाइनला हे कधीच पटले नाही. दोघांची पत्रांतली भांडणे जन्मभर चालली आणि मैत्रीही. नोबेल मात्र १९३२ चे एकट्या हाइसेनबर्गला मिळाले. बॉर्नचे १९५४ मध्ये आले, वयाच्या ७१ व्या वर्षी.

१९३३ च्या एप्रिलमध्ये नाझी सरकारचा नवा कायदा आला आणि ज्यू प्राध्यापकांना काढण्यास सुरुवात झाली. बॉर्नने आपले नाव २५ एप्रिलच्या यादीत पाहिले. फ्रांकला युद्धातल्या सेवेमुळे राहता आले असते. त्याने निषेध म्हणून राजीनामा दिला. आणि हाबर, ज्याने जर्मनीसाठी क्लोरीन सोडला, त्याला आपल्या संस्थेतले ज्यू सहकारी काढून टाकायला सांगण्यात आले. त्यानेही राजीनामा दिला. त्या वर्षाच्या अखेरीस दोघे ब्रेस्लावकर केंब्रिजमध्ये निर्वासित म्हणून भेटले. हाबर खचलेला, हृदयविकाराने थकलेला. बॉर्नने त्याला घरी बोलावले आणि रुदरफर्डलाही यायला सांगितले. रुदरफर्डने विषारी वायू सोडणाऱ्याशी हात मिळवायला साफ नकार दिला. १८ वर्षांपूर्वी जो नकार बॉर्नने दिला होता तोच आता दुसऱ्याच्या तोंडून त्याला ऐकावा लागला, आणि पाहुणा त्याचा होता. २९ जानेवारी १९३४ रोजी हाबर बाझेलमध्ये वारला.

केंब्रिजची नोकरी मुदतीची होती. अशा वेळी बोलावणे आले ते आपल्या बंगळूरहून. सर सी. व्ही. रामन तेव्हा भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक होते. जर्मनीतून हाकललेल्या उत्तम माणसांना इकडे आणावे आणि संस्थेत सैद्धांतिक भौतिकी उभी करावी असा त्यांचा बेत होता. १९३५ च्या शरदात बॉर्न आणि हेडी बंगळूरला आली आणि सुमारे सहा महिने राहिली. त्याने इथे व्याख्याने दिली, विद्यार्थ्यांबरोबर काम केले. रामननी त्याला कायमचा प्राध्यापक नेमावा म्हणून प्राध्यापकांच्या सभेत ठराव आणला आणि बॉर्नला सभेत बसवून त्याची तोंडभर स्तुती केली. त्यावर तिथल्याच एका इंग्रज प्राध्यापकाने उठून सांगितले की स्वतःच्या देशाने हाकललेला दुय्यम दर्जाचा परकी माणूस आम्हाला पुरेसा नाही. हा इंग्रज पुंज यामिकीच्या जनकांपैकी एकाविषयी हे बोलत होता. बॉर्न घरी आला आणि हेडीजवळ रडला. त्याने हे स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे. नेमणूक झाली नाही. रामनविरुद्धच्या तक्रारी वाढत गेल्या आणि १९३७ मध्ये त्यांनाही संचालकपद सोडावे लागले.

दोन वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांची सहल घेऊन मी बंगळूरला गेलो होतो. संस्थेच्या दगडी मुख्य इमारतीसमोर मुले फोटो काढीत होती. तेव्हा मला यातले काहीच माहीत नव्हते. मुलांना मी टाटांविषयी सांगितले, रामनविषयी सांगितले आणि बस निघायची वेळ झाली.

या कथेचा आणखी एक पदर आहे आणि तो लपवू नये. १९४० नंतर रामन आणि बॉर्न यांचे स्फटिकांच्या कंपनांवरून कडाक्याचे भांडण जुंपले. स्फटिकाला मोजकीच ठरावीक कंपने असतात असे रामन हिऱ्याच्या वर्णपटांवरून म्हणत. बॉर्न आपल्या १९१२ च्या जालकाला धरून ती जवळजवळ अखंड पसरलेली असतात असे म्हणे. दोघेही हट्टी. पुढे न्यूट्रॉनच्या प्रयोगांनी बॉर्नचे म्हणणे खरे ठरवले. रामननी ते मानले नाही. ज्याने संकटात हात दिला त्याच्याशी असे भांडावे का, असे एका सहकाऱ्याने मला विचारले. मला वाटते, शास्त्रात भांडावे. उपकाराची फेड म्हणून चुकीचे समीकरण मान्य करणे बॉर्नला जमणारे नव्हते.

१९३६ मध्ये एडिंबरोला टेट यांच्या नावाचे प्राध्यापकपद मिळाले आणि त्याची वणवण संपली. महायुद्ध सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, ३१ ऑगस्ट १९३९ रोजी, तो ब्रिटिश नागरिक झाला. त्याचे विद्यार्थी आणि सहकारी एकामागून एक अणुबाँबच्या कामाला गेले. ओपेनहायमरने तर १९२७ मध्ये त्याच्याच हाताखाली डॉक्टरेट घेतली होती. बॉर्न त्या कामापासून दूर राहिला. निवृत्तीनंतर तो जर्मनीत बाट पिर्मोंट या छोट्या गावी परतला. ज्यांनी हाकलले त्यांच्यात परत का गेलास, असे आइन्स्टाइनने त्याला खडसावले. हेडीची ओढ होती आणि निवृत्तिवेतन तिथेच मिळत होते, एवढेच साधे कारण होते. १९५५ च्या रसेल-आइन्स्टाइन पत्रकावर त्याची सही आहे, आणि १९५७ मध्ये जर्मनीने अण्वस्त्रे घेऊ नयेत म्हणून पत्रक काढणाऱ्या १८ शास्त्रज्ञांतही तो होता. ५ जानेवारी १९७० रोजी गॉटिंगेनला तो वारला. त्याच्या थडग्यावर मॅट्रिक्सचे ते समीकरण कोरले आहे: पीक्यू वजा क्यूपी. मिठाचे चक्र तिथे नाही.

यंदा आयनिक बंधाचा तास आला तेव्हा मी सोडियमचा आनंद गाळला आणि फळ्यावर पहिल्यांदा ४९६ लिहिले. मग मॅग्नेशियम क्लोराइडचा ताळेबंद घरून करून आणायला सांगितला. मॅग्नेशियमच्या पहिल्या इलेक्ट्रॉनला ७३८ आणि दुसऱ्याला १४५१ लागतात, तरीही सुमारे २५०० ची जालक ऊर्जा ते फेडते. उलट सोडियमचा दुसरा इलेक्ट्रॉन ४५६२ मागतो आणि ते कोणताच स्फटिक फेडू शकत नाही, म्हणून मिठात क्लोरीन एकच, हे मुलांनी आपापल्या आकड्यांनी काढावे अशी कल्पना होती. सत्तावीस वह्या आल्या. त्यांतले चौघे दुसरी आयनीभवन ऊर्जा धरायला विसरले होते.